घरचं फ्रीज-ड्राइंग : वाफ जाते कुठे?

फ्रीज-ड्राइंगचं, म्हणजे पदार्थ गोठवून निर्वातात सुकवण्याचं, खूळ डोक्यात शिरलेला माणूस सगळ्यात आधी व्हॅक्यूम पंप आणतो. माझ्या भाच्यानेही तेच केलं. एसी दुरुस्तीवाले वापरतात तसला दोन टप्प्यांचा रोटरी पंप, जाड स्टीलचं पातेलं, त्यावर ॲक्रिलिकचं झाकण आणि झाकणात दाब दाखवणारा एक काट्याचा गेज. गोठवलेल्या स्ट्रॉबेरीच्या चकत्या आत ठेवल्या, पंप सुरू केला, काटा खाली जाऊन टेकला. सकाळी पाहतो तर पातेल्यात लालसर चिकट गाळ आणि पंपाच्या काचेतून दिसणारं तेल पांढुरकं, गढूळ. मग मला फोन. "मावशी, व्हॅक्यूम तर पूर्ण दाखवतोय, मग अडतंय कुठे?"

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आता निवृत्त आहे. काचसामान धुणं, पंपांचं तेल बदलणं आणि "मॅडम, हे चालत नाही" असं म्हणत येणाऱ्या पोरांना "प्लग लावलाय का?" असं विचारणं, यात नोकरी गेली. त्याला म्हटलं, "सगळं बरोबर आहे तुझं. फक्त एक सांग, निघालेली वाफ जाते कुठे?"

"पंपातून बाहेर."

"किती?"

तिथे गप्प झाला. या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट मांडलं की घरगुती फ्रीज-ड्राइंगमध्ये काय जमेल, काय जमणार नाही आणि जमवायचंच असेल तर डोकं कुठे खर्च करायचं, हे आपोआप कळतं. म्हणून आधी हिशेब.

अर्धा किलो स्ट्रॉबेरीत साधारण ४५० ग्रॅम पाणी असतं. फ्रीज-ड्राइंगमध्ये हे पाणी बर्फ होऊन थेट वाफेत जायला हवं, मध्ये द्रव व्हायचं नाही. त्यासाठी दाब १०० पास्कलच्या, म्हणजे १ मिलिबारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याच्या) आसपास ठेवला असं धरू. एवढ्या विरळ अवस्थेत एक ग्रॅम बर्फाची वाफ हजार लिटरहून जास्त जागा व्यापते. एक ग्रॅम! ४५० ग्रॅमची वाफ पाच लाख लिटरच्या वर जाते. मिनिटाला ८५ लिटर ओढणारा छोटा पंप पूर्ण वेगाने, एक क्षण न थांबता चालला, तरी एवढी वाफ ओढायला त्याला चार दिवसांहून जास्त लागतील. आणि तो पूर्ण वेगाने चालणार नाहीच. पंपात दाबली गेलेली वाफ तिथे परत पाणी होते, तेलात मिसळते आणि तेल बिघडलं की पंपाची ओढ जाते. दाब वर चढतो, बर्फ वितळतो, फळ पाण्यात बसतं. भाच्याचा लाल गाळ तो हाच. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचा हा प्रकार आहे.

वाफ पंपापर्यंत पोहोचूच द्यायची नाही, हा त्यावरचा उपाय. वाटेत फळापेक्षा बरंच थंड असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे वाफ तिथेच बर्फ होऊन चिकटते. प्रयोगशाळेत याला कोल्ड ट्रॅप म्हणतात. पंपाचं काम मग फक्त सुरुवातीला हवा काढणं आणि नंतर जी काही गळती असेल ती ओढत राहणं. वाफ ओढतो तो ट्रॅप.

हे कुणाला पटत नसेल तर त्यांच्यासाठी एक जुनं खेळणं आहे. १८१३ मध्ये विल्यम हाइड वोलास्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने क्रायोफोरस नावाचं उपकरण मांडलं. एक वाकवलेली काचेची नळी, दोन्ही टोकांना फुगे, एका फुग्यात थोडं पाणी, आतली हवा काढून नळी कायमची बंद केलेली. रिकामा फुगा बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात बुडवायचा. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाच्या फुग्यातलं पाणी गोठतं, ज्याला कुणी हातही लावलेला नाही! थंड टोक वाफ खेचत राहतं, वाफ जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि ते पाणी गारठतं. पंप कुठेच नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, १८१० मध्ये, एडिनबरोच्या जॉन लेस्लीने हवेच्या पंपाच्या हंडीखाली पाण्याशेजारी सल्फ्युरिक आम्ल ठेवून पाणी गोठवलं होतं. तिथे वाफ पिण्याचं काम आम्लाने केलं. दोघांपैकी कुणालाही आजच्यासारखा पंप मिळालेला नव्हता. वाफेची सोय मात्र दोघांनीही लावली होती.

आणि आपल्या फ्रीजरमध्ये तर हे रोज चालू असतं. बरेच महिने पडून राहिलेली मटाराची पिशवी उघडली की आत पांढरं हिम साचलेलं असतं आणि दाणे सुरकुतलेले. हे पंपाशिवाय, पूर्ण हवेच्या दाबाखाली झालेलं फ्रीज-ड्राइंगच आहे, फक्त कासवाच्या गतीचं. वाफेला वाटेतल्या हवेतून ढकलत जावं लागतं म्हणून वेळ लागतो. हवा काढली की वाट मोकळी होते, एवढाच पंपाचा उपकार.

वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, म्हणून बर्फाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वाफेचा दाब, कोणत्या तापमानाला किती, हे आकडे मी ट्रॅपशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत. शून्याला ६११ पास्कल, उणे १० ला २६०, उणे २० ला १०३, उणे ३० ला ३८, उणे ४० ला १३. ड्राय आइसच्या (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) उणे ७८ ला तो ०.१ पास्कलच्याही खाली जातो. आता बघा, ट्रॅप म्हणून घरचा फ्रीजर वापरला तर तो उणे १८-२० चा, म्हणजे त्याच्याकडचा दाब शंभराच्या वर. वाफ त्याच्याकडे जायची तर फळ त्याहून गरम हवं, समजा उणे १०. पण उणे १० ला बहुतेक गोड फळं पुरती घट्ट नसतातच. साखरेचं दाट पाणी बर्फाच्या स्फटिकांमध्ये अडकून राहतं. ते काचेसारखं कडक व्हायला साध्या साखरेच्या बाबतीत उणे ३२ च्या आसपास जावं लागतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या बाबतीत उणे ४० च्याही खाली. ते मऊ असताना बर्फ निघून गेला की उरलेला सांगाडा स्वतःच्याच अंगावर कोसळतो, फेस येतो, चिवट गोळा होतो.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, स्ट्रॉबेरीचा हट्ट सोड, आधी बटाटा घे. उकडलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या, शिजवलेला तांदूळ, मशरूम. असे पदार्थ याबाबतीत फार सोशिक असतात, शून्याखाली थोडंसं गेलं तरी त्यांचा सांगाडा उभा राहतो. त्याला ते काही रुचलं नाही. सुका बटाटा दाखवून मित्रांवर छाप पडत नाही म्हणे! पण पहिल्यांदा नीट जमलं ते बटाट्यावरच. खडूसारखी हलकी, कुरकुरीत चकती. गरम पाणी ओतलं की मिनिटभरात पुन्हा मऊ.

आता आमची मांडणी. जाड भिंतीची दोन स्टीलची भांडी, एकात पदार्थ, दुसरं रिकामं. दोन्ही एका आखूड, रुंद स्टीलच्या नळीने जोडलेली. रिकामं भांडं हाच ट्रॅप. ते थर्माकोलच्या खोक्यात उभं असतं आणि त्याभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ड्राय आइसचे तुकडे घालून केलेला गार लगदा. पंपाची नळी ट्रॅपच्या पलीकडून निघते. क्रम पदार्थ, ट्रॅप, पंप असाच हवा. त्यामुळे पंपाच्या तेलाची वाफ उलटी पदार्थाकडे यायलाही ट्रॅपचा अडसर होतो.

आखूड आणि रुंद हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले. पंपासोबत येणारी करंगळीएवढी नळी ट्रॅप आणि पंप यांच्यामध्ये चालते, कारण तिथून फार काही जायचंच नसतं. तीच नळी पदार्थ आणि ट्रॅप यांच्यामध्ये लावली तर सगळं मुसळ केरात. इतक्या कमी दाबाला नळीतून किती वाफ जाऊ शकते हे तिच्या व्यासाच्या तिसऱ्या-चौथ्या घाताच्या प्रमाणात ठरतं. व्यास निम्मा केला की वाट आठपट ते सोळापट अरुंद. इंटरनेटवर दिसणारी निम्मी यंत्रं मला नुसत्या फोटोवरून बाद करावीशी वाटतात. पंप भारी, ट्रॅप भारी आणि मधली नळी पेनाच्या रिफिलएवढी.

दुसरी गोम ट्रॅपच्या तोंडाशी असते. वाफ आत शिरली की जी पहिली थंड जागा भेटेल तिथेच बसते, त्यामुळे तोंडाशी बर्फाची कॉलर वाढत जाते आणि शेवटी वाट बुजते. म्हणून नळी भांड्याच्या वरच्या, लगद्याबाहेर राहणाऱ्या भागात जोडायची आणि खालचे दोन तृतीयांशच बुडवायचे. याने आणखी एक साधतं, झाकणाची रबरी गॅसकेट फार गार होत नाही. साधं रबर थंडीने कडक झालं की गळायला लागतं. आम्ही सिलिकॉनची वापरतो.

यानंतर लोकांना खटकणारी गोष्ट. पदार्थाला उष्णता द्यावी लागते. "आपण तर थंड ठेवतोय ना?" हा प्रश्न मला यजमानांनीही विचारला आणि भाच्यानेही. बर्फाची वाफ व्हायला किलोमागे सुमारे २८०० किलोजूल लागतात. ती बाहेरून मिळाली नाहीत तर पदार्थ स्वतःचीच उष्णता वापरतो, आणखी गार होतो, त्याचा बाष्पदाब पडतो आणि काम थंडावतं. निर्वातात हवाही जवळजवळ नसते, त्यामुळे उष्णता पोहोचते ती मुख्यतः खालच्या ताटलीच्या स्पर्शातून आणि प्रारणातून. आम्ही ताटलीखाली ४० वॅटची गरम होणारी पट्टी चिकटवली आहे. तिची सगळीच्या सगळी उष्णता बर्फाला मिळाली असं धरलं तरी ४५० ग्रॅमला सुमारे ९ तास. प्रत्यक्षात याच्या कितीतरी जास्त, कारण चकतीचा वरचा थर सुकला की तोच आतल्या बर्फाला उबदार पांघरूण होतो. पट्टी वाढवून घाई करायचा मोह आवरायचा. तापमान मोजणारी तार चकतीच्या मध्यात खुपसून ठेवायची आणि ती सांगेल तेवढंच द्यायचं.

जेवढी उष्णता पदार्थात घातली तेवढीच वाफ ट्रॅपमध्ये जाऊन सोडते, तेव्हा ट्रॅपलाही ती पेलायला हवी. वरच्याच ४५० ग्रॅमसाठी फक्त वाफ गोठवायला सव्वादोन किलो ड्राय आइस खर्ची पडतो. भांडं गार करणं, खोक्यातून आत शिरणारी उष्णता वगैरे धरून मी दुप्पट मोजते. अर्धा किलो स्ट्रॉबेरीसाठी साडेचार किलो ड्राय आइस. काटकसरीसाठी हा उद्योग करायचा म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. साधा गरम हवेचा ड्रायर बहुतेक घरांसाठी पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत. आम्ही हे मजेसाठी करतो.

ड्राय आइस नको असेल तर लेस्लीचा मार्ग उरतो. सल्फ्युरिक आम्ल मात्र घरात आणायचं नाही, यावर चर्चा नाही. निर्जल कॅल्शियम क्लोराइड चालतं. हवाबंद भांड्यात खाली ते पसरायचं, वर जाळीवर गोठवलेला पदार्थ, हवा काढायची, झडप बंद करायची आणि भांडं तसंच फ्रीजरमध्ये ठेवायचं. पंप काढून घेतला तरी चालतं. जितकं पाणी काढायचं त्याच्या तिप्पट वजनाचं कॅल्शियम क्लोराइड मी घेते. फार सावकाश चालतं, पण मूठभर मशरूमसाठी छान. हे क्लोराइड पदार्थाला लागू नये म्हणून मध्ये दाट जाळी हवी, कारण ते पाणी पिऊन ओघळायला लागतं.

काट्याच्या गेजबद्दल एक वाक्य पुरे : तो काढून ठेवा. २० मिलिबारला बर्फ वितळून पाणी होतं आणि १ मिलिबारला होत नाही, पण त्या काट्याला दोन्ही सारखेच दिसतात. एसीवाल्यांकडे असतो तसला इलेक्ट्रॉनिक व्हॅक्यूम गेज हवा. तो बहुधा वायूच्या उष्णतावहनावर चालतो, त्यामुळे पाण्याच्या वाफेत खऱ्या दाबाच्या दीडपटीहून जास्त आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवायचं. तोही नसेल तर पदार्थाशेजारी बर्फाचा एक खडा ठेवा आणि त्यात तापमानाची तार गोठवा. खडा उणे २० ला स्थिरावला की भोवतालचा वाफेचा दाब साधारण १ मिलिबार आहे असं समजायचं. वरच्या आकड्यांचा हाच उपयोग.

सुकलं हे कसं ओळखायचं? पंपाकडची आणि ट्रॅपकडची, अशा दोन्ही झडपा काही मिनिटं बंद करून बघायचं. पदार्थाच्या भांड्यातला दाब भराभर चढला तर आत बर्फ शिल्लक आहे. गळतीनेही चढतो, म्हणून रिकाम्या भांड्याची हीच चाचणी आधी करून ठेवायची. चकतीच्या मध्यातलं तापमान ताटलीच्या तापमानाला येऊन टेकलं की तीही खूण. आणि सगळ्यात भरवशाचा वजनकाटा. आधी वजन, नंतर वजन, पुन्हा काही तास लावून परत वजन. फरक पडला नाही की झालं.

गोठवण्याबाबत एक गंमत. घाईने गोठवलेला पदार्थ दिसायला सुबक राहतो, पण त्यात बर्फाचे स्फटिक बारीक, म्हणून मागे उरणारी छिद्रंही बारीक आणि वाफेला वाट अवघड. सावकाश गोठवलेला लवकर सुकतो. घरच्या फ्रीजरची संथ गती इथे कामी येते. मटारासारख्या सालीच्या दाण्यांना मात्र टोचून भोक पाडायलाच हवं, नाहीतर साल वाफ अडवते. मध, जॅम, पाक, तेलकट काहीही, हे नाद सोडा. खाण्याच्या तेलाची वाफ होत नाही आणि पाकाचा फेस होतो. स्ट्रॉबेरी पुढे जमली, ड्राय आइसच्या ट्रॅपवर, पातळ चकत्या करून आणि पट्टी अगदी मंद ठेवून. चकतीतल्या पेशींच्या भिंती थोडा आधार देतात. तिचाच रस काढून पाहिला तर तो काही केल्या उभा राहत नाही.

आता ओरडायचं तेवढं ओरडून घेते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर निर्वातात सातशे किलोंहून जास्त भार येतो. काचेच्या बरण्या, प्लॅस्टिकचे डबे, पातळ पातेली वापरायची नाहीत. प्रेशर कुकरसुद्धा आतून येणारा दाब सोसायला बनवलेला असतो, बाहेरून दाबल्यावर भांडं वेगळ्याच पद्धतीने चेपतं. ॲक्रिलिकच्या झाकणाला अल्कोहोलचा थेंबही लागू द्यायचा नाही, त्यात बारीक भेगांचं जाळं पडतं आणि मग ते एक दिवस दगा देतं. लगद्याचं अल्कोहोल पेट घेतं, जवळ शेगडी नको. एक किलो ड्राय आइसमधून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो जमिनीलगत साचतो, तेव्हा खिडक्या उघड्या, खोक्याला कधीच घट्ट झाकण नाही, हातात जाड मोजे. द्रव नायट्रोजन मिळतोय म्हणून कुणी उत्साहात येऊ नये. तो इतका थंड असतो की गळतीने आत आलेल्या हवेतला ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होऊन साठू शकतो आणि द्रव ऑक्सिजनला तेल किंवा अल्कोहोल भेटलं की स्फोट.

आणि या प्रक्रियेने जंतू मरत नाहीत. आमच्या शेजारच्या जीवशास्त्र विभागात जिवाणूंची कल्चर्स यायची ती फ्रीज-ड्राय करून, काचेच्या सीलबंद कुप्यांत, जिवंत राहावीत म्हणून! कच्चं अंडं आणि कच्चं मांस मी या यंत्रात घालू देत नाही. सुकलेला पदार्थ कोरडा आहे तोवर जंतू वाढत नाहीत, पण मध्यात ओल राहिलेली चकती ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीसोबत पिशवीत बंद केली तर बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हवं तसंच घर मिळतं. शंका असेल तर पिशवी बंद करू नका, परत ताटलीवर टाका.

काम संपल्यावर आधी पंपाकडची झडप बंद, मग पंप बंद, नाहीतर पंपातलं तेल उलटं नळीत चढतं. हवा आत सोडायची ती अगदी हळू, चुरा उडतो. बाहेर काढलेला पदार्थ उघड्यावर काही मिनिटांतच ओल धरायला लागतो, म्हणून पिशव्या आणि सीलर आधी मांडून ठेवायचे, फोटो नंतर. पंपाचं तेल गरम असतानाच काढायचं, गार झाल्यावर ओल आणि गाळ तळाशीच राहतो. हे तेल बदलायचं काम आता भाच्याकडे आहे. ट्रॅप नीट चालला असेल तर तेल स्वच्छ निघतं. तो मला दर वेळी बाटली उजेडात धरून दाखवतो आणि मी दर वेळी आधी चष्मा शोधते.